मराठी विकिपीडियाची वाक्ये दुरुस्त करायला या

मराठी वाचता-लिहिता येणाऱ्या प्रत्येकाला ही विनंती आहे आणि ती तातडीची आहे. मराठी विकिपीडियावर आज एक लाखाच्या आसपास लेख आहेत. त्यांतल्या कितीतरी लेखांत माहिती आहे, पण ती वाचकाच्या हाती लागत नाही. वाक्य सुरू होते, तीन-चार ओळी चालत राहते, मधेच कर्ता बदलतो आणि क्रियापद येईपर्यंत सुरुवात काय होती ते आठवत नाही. सातवीतली मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी असा लेख उघडते, पहिला परिच्छेद दोनदा वाचते, आणि मग एक तर इंग्रजी लेखाकडे वळते किंवा न कळलेला मजकूर तसाच्या तसा वहीत उतरवते. इंग्रजीकडे वळली तर मराठीने एक वाचक गमावला. उतरवून घेतले तर न समजता लिहायची सवय तिला लागली, आणि ती सवय लावणारे आपण आहोत.

हे लेख दुरुस्त करायला माणसे हवी आहेत. तूर्त एकही नवा लेख लिहिला नाहीत तरी चालेल. जे लिहून ठेवले आहे ते स्पष्ट आणि सुटसुटीत करायला या.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी सुरू झाला. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ चा, म्हणजे त्याच्याहून जेमतेम सव्वादोन वर्षांनी मोठा. मराठी माणूस या कामाला उशिरा लागला असे कोणी म्हणू शकणार नाही. संगणकावर देवनागरी उमटवणे हेच ज्या काळात जिकिरीचे होते, त्या काळात काही जणांनी रात्री जागून, एक पैसाही न घेता हा पाया घातला. त्यांनी आणि त्यांच्यामागून आलेल्यांनी केलेल्या कामाबद्दल मनात पूर्ण आदर ठेवूनच हे लिहीत आहे. पण हळूहळू लेखांची संख्या हेच यशाचे माप होऊन बसले. कार्यशाळा असो, लेखनस्पर्धा असो किंवा २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचा उपक्रम असो, संध्याकाळी प्रश्न एकच असतो: नवे लेख किती झाले? जुने लेख वाचण्याजोगे किती झाले, हे क्वचितच कोणी विचारते.

कोश लिहिणे आपल्याला नवे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली वाईला मराठी विश्वकोश आकाराला आला आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. या कोशांना कागदाची मर्यादा होती. एका खंडात इतकीच पाने, एका नोंदीला इतकीच जागा. त्यामुळे प्रत्येक शब्द तोलून घ्यावा लागे. लेखकाने लिहिलेली नोंद विषय जाणणाऱ्याच्या आणि संपादकाच्या हाताखालून गेल्याशिवाय छापखान्यात जात नसे. विकिपीडियाला कागदाची मर्यादा नाही, म्हणून लेख हवा तितका पसरतो. आणि लेखक व वाचक यांच्यामध्ये जो संपादक बसायचा, त्याची जागा तिथे बहुतेक वेळा रिकामी असते. ती जागा कोणाची नेमणूक होऊन भरत नाही. ज्याला वाटेल त्याने तिथे बसायचे असते. म्हणूनच हे आवाहन एखाद्या मंडळाला किंवा विद्यापीठाला नाही, थेट तुम्हाला आहे.

वाक्ये बिघडतात कशी, ते आधी पाहू. मराठी विकिपीडियावरचे बरेच लेख इंग्रजीतून आलेले आहेत. त्यात गैर काही नाही. खगोलशास्त्रावर किंवा आफ्रिकेतल्या नदीवर लिहायचे तर आधार इंग्रजीचाच मिळतो. अडचण पुढे आहे. विकिपीडियावर भाषांतराचे साधन आहे, ते यंत्राने केलेला मसुदा समोर ठेवते, आणि लिहिणारा त्यातले चार शब्द बदलून तो प्रकाशित करतो. शब्द मराठी होतात, वाक्याची ठेवण इंग्रजीच राहते. दुसरा प्रवाह हिंदीतून येतो. तिसरा सरकारी परिपत्रकांतून, जिथे कोणी काही करत नाही, सगळे ‘करण्यात येते’. हे तिन्ही प्रवाह एका वाक्यात मिसळले की काय होते, त्याचा एक नमुना मी मुद्दाम रचून देतो. मराठी विकिपीडिया वाचणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल.

‘रायगड हा एक किल्ला आहे जो की भारताच्या महाराष्ट्र राज्याच्या रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यामध्ये स्थित आहे आणि जो छत्रपती शिवाजी महाराजांच्या द्वारे त्यांच्या राज्याची राजधानी म्हणून निवडला गेला होता, जेथे त्यांचा राज्याभिषेक सोहळा देखील १६७४ मध्ये संपन्न करण्यात आला होता.’

आता हेच असे लिहा: ‘रायगड हा महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातला, महाड तालुक्यातला डोंगरी किल्ला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी येथे राजधानी केली. ६ जून १६७४ रोजी त्यांचा राज्याभिषेक याच किल्ल्यावर झाला.’

शब्द बरेच कमी झाले आणि तरी माहिती वाढली: किल्ला डोंगरी आहे हे कळले, राज्याभिषेकाचा दिवस कळला. पहिल्या वाक्यात ‘च्या’ची माळ होती, ती तुटली. ‘स्थित’ गेले, कारण महाडमध्ये असलेला किल्ला महाडमध्येच असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे राजधानी कोणी केली ते उघड झाले. मराठीत कर्त्याला ‘ने’ किंवा ‘नी’ लावून झालेली गोष्ट सरळ सांगायची उत्तम सोय आहे. ‘महाराजांनी राजधानी केली’, ‘पेशव्यांनी वाडा बांधला’, ‘गावाने शाळा काढली’. ही सोय हाताशी असताना आपण ‘द्वारे’ आणि ‘करण्यात आले’ का लिहितो? कारण पुढ्यातल्या इंग्रजी वाक्यात कर्मणी रचना असते आणि आपण ती खाली मान घालून उतरवतो.

एवढी एक दुरुस्ती जरी शंभर लेखांत झाली, तरी त्या लेखांचा चेहरा बदलेल.

व्यक्तींवरच्या लेखांत वेगळे दुखणे आहे. तिथे माहितीची जागा गौरवाने घेतलेली असते. आनंदीबाई जोशी यांच्यासारख्या स्त्रीबद्दल लिहिताना ‘थोर’, ‘जिद्दी’, ‘असामान्य’, ‘समस्त स्त्रीजातीला वंदनीय’ अशी विशेषणे एकामागून एक येतात, आणि दोन परिच्छेद वाचूनही त्यांनी नेमके काय केले हे कळत नाही. त्याऐवजी हे सांगा: आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. नवव्या वर्षी लग्न झाले. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झाले आणि ते दहा दिवसांत गेले. १८८३ मध्ये त्या पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून बोटीने अमेरिकेला निघाल्या. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियातल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा मृत्यू झाला. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. या सात वाक्यांत स्तुतीचे एकही विशेषण नाही, आणि वाचून झाल्यावर गळा दाटून येतो. विशेषणे काढून टाकणे म्हणजे अनादर, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. ती सोडायला हवी. ‘आनंदीबाई निघाल्या’ यातला आदर मराठीने क्रियापदातच ठेवला आहे, तो ठेवा. नावापुढची पदव्यांची आणि स्तुतीची रांग मात्र काढा.

तिसरी गोष्ट काळाची. ‘सध्या’, ‘नुकतेच’, ‘अलीकडे’, ‘आजपर्यंत’ हे शब्द वर्तमानपत्रात शोभतात. कोशात ते लवकर खोटे पडतात. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झाले होते. पाणी आटून खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी तो रंग आणला. ‘नुकतेच सरोवराचे पाणी गुलाबी झाले आहे’ असे त्या वेळी कोणी लिहिले असेल, तर आज ते वाचून लोणारला जाणारा माणूस फसेल. ‘जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले’ हे वाक्य पन्नास वर्षांनीही खरेच राहील. लोकसंख्येचेही तसेच. ‘गावाची लोकसंख्या इतकी आहे’ याला अर्थ नाही. ‘२०११ च्या जनगणनेनुसार इतकी होती’ याला आहे. आणि लोणारच्याच निमित्ताने आणखी एक विनंती. ‘जगातील एकमेव’, ‘आशियातील सर्वांत मोठे’ असे दावे दिसले की थांबा आणि खाली संदर्भ आहे का ते पाहा. बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेली विवरे पृथ्वीवर फार थोडी आहेत, लोणार त्यांपैकी एक, आणि ते विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. हे सत्य लोणारच्या मोठेपणाला पुरेसे आहे.

पण ज्या लेखांमुळे मी या आवाहनाला ‘तातडीचे’ म्हणतो, ते आरोग्यावरचे लेख आहेत. रायगडाचे वाक्य लांबले तर वाचक कंटाळतो. आजाराचे वाक्य फसले तर त्याचा परिणाम माणसाच्या जिवावर होऊ शकतो. रात्री अकरा वाजता घरातल्या कोणाला साप चावतो किंवा पोराला कुत्रे चावते, तेव्हा हातातल्या फोनवर आपण पहिल्यांदा शोधतो. समोर मराठीत असे वाक्य आले तर? ‘सर्पदंश झालेल्या व्यक्तीस तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली यथायोग्य वैद्यकीय उपचार उपलब्ध करून दिले जाणे हे अत्यावश्यक मानले जाते.’ हे चूक नाही, पण घाबरलेल्या माणसाला यातून काहीही मिळत नाही. विकिपीडिया डॉक्टरची जागा घेत नाही आणि सल्ला देण्याचे ते ठिकाणही नाही. पण कोशाच्या शिस्तीत राहूनही हे सांगता येते: ‘साप चावलेली जागा कापणे, तोंडाने विष ओढणे किंवा वर दोरी आवळून बांधणे धोक्याचे असते. सापाच्या विषावरचा उपचार म्हणजे रुग्णालयात मिळणारे प्रतिविष. भारतातले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावर चालते.’ कुत्रे चावल्याबद्दलही तेच. जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची, आणि लगेच लस घ्यायला जायचे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. ही माहिती लेखाच्या पाचव्या परिच्छेदात, व्हायरसच्या वर्गीकरणाच्या खाली दडलेली असेल, तर ती असून नसल्यासारखी आहे. ती वर आणणे, साध्या वाक्यात मांडणे आणि तिला विश्वासार्ह संदर्भ जोडणे हे काम एखादा डॉक्टर किंवा परिचारिका एका संध्याकाळी करू शकते. महाराष्ट्रातल्या प्रत्येक डॉक्टरला माझी कळकळीची विनंती आहे: तुमच्या विषयातला एक, फक्त एक लेख वाचा. तुमचा रुग्ण तो वाचूनच तुमच्याकडे येतो आहे, किंवा तो वाचून यायचा राहतो आहे.

गावांवरच्या लेखांबद्दल थोडक्यात. असे हजारो लेख आहेत. त्यांत मथळे ओळीने मांडलेले असतात: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे. खाली मजकूर नसतो, किंवा असतो तो शेजारच्या गावाच्या लेखातला, नाव बदललेला. रिकामे मथळे काढून टाका. कुठल्याही गावाला लागू पडणारी वाक्ये काढून टाका. दोन खऱ्या वाक्यांचा लेख चालतो.

आता सावधगिरीचे. आटोपशीर लिहिणे म्हणजे कात्री चालवणे नव्हे, आणि नव्या उत्साहात ही चूक होण्याचा धोका मोठा आहे. वाक्याच्या शेवटी जो संदर्भाचा आकडा असतो, तो वाक्यापेक्षा मोलाचा आहे. वाक्य बदलताना तो हरवू देऊ नका, आणि दोन वाक्ये एक करताना कोणता संदर्भ कोणत्या माहितीचा, हे पाहून घ्या. मतभेद असतील तर ते राहिले पाहिजेत. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीबद्दल इतिहासकारांत दीर्घ वाद झाला. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली आहे, तर जुन्या मतानुसार जन्मवर्ष १६२७ होते. एकच तारीख ठेवून लेख ‘स्वच्छ’ करणारा संपादक वाचकाची फसवणूक करतो. ‘काहींच्या मते’ हे शब्द पोकळ असतील तर काढा. पण ते ‘काही’ कोण, हे सांगणारा संदर्भ असेल तर त्यांची नावे घाला आणि मत ठेवा. ज्या विधानाला आधारच सापडत नाही, ते गुपचूप उडवण्यापेक्षा त्याला ‘संदर्भ हवा’ अशी खूण करा आणि चर्चा पानावर विचारा.

सोपे करण्याच्या नावाखाली शब्दांची गरिबीही आणू नका. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द मुलांच्या पाठ्यपुस्तकात आहे, तो ठेवाच. त्याच्या भोवतीचे वाक्य सोपे करा. शेतीवरच्या लेखात निंदणी, कोळपणी, मळणी हे शब्द आले तर शेतकऱ्याला तो लेख आपला वाटतो. ते शब्द शेतकऱ्यांना माहीत आहेत, लेख लिहिणाऱ्या शहरी माणसाला बहुधा नाहीत. म्हणून शेतकरी संपादक हवेत, सुतार हवेत, कोळी हवेत, यंत्रमागावर काम केलेले हवेत. मुंबईत ‘मोबाइल’ म्हणणाऱ्या वाचकासाठी ‘भ्रमणध्वनी’ लिहायचे का, यावर मात्र दिवसच्या दिवस वाद घालू नका. तेवढ्या वेळात दहा परिच्छेद सुधारतील.

शुद्धलेखनाबद्दलही बोलले पाहिजे, कारण मराठी माणूस संपादन म्हटले की आधी ऱ्हस्व-दीर्घाकडे धावतो. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आहेत, ते पाळावेत. पण सगळ्या वेलांट्या आणि उकार बरोबर असलेले वाक्यही अगम्य असू शकते. आधी अर्थ लावा, मग वेलांटी बघा.

हे सगळे आताच का करायचे? वीस वर्षे चालले, आणखी काही वर्षे चालेल, असे कोणी म्हणेल. नाही चालणार. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याचा आहे; तो कोणालाही वापरता येतो, आणि आज तो यंत्रांकडूनही मोठ्या प्रमाणावर वाचला जातो. मराठीत उत्तरे देणारे, मराठीत भाषांतर करणारे जे संगणकीय भाषाप्रारूप तयार होते, ते शिकते अशाच मजकुरातून. इंग्रजीचा साठा इतका प्रचंड आहे की एखादे वाईट वाक्य त्यात कुठल्या कुठे विरून जाते. मराठीत इंटरनेटवरचा चांगला मजकूर थोडा, म्हणून मराठी विकिपीडियाच्या प्रत्येक वाक्याचे वजन जास्त. यंत्र ‘जो की’ आणि ‘द्वारे’ शिकते, तसेच लिहून देते, कोणीतरी ते लिहिलेले पुन्हा विकिपीडियावर चिकटवतो, आणि पुढचे यंत्र त्यावरून शिकते. ही फेरी सुरू झालेली आहे. प्रत्येक फेरीत माणसाने लिहिलेल्या मराठीचा वाटा घटतो.

इतर भाषांचे काय झाले ते डोळ्यांपुढे ठेवा. स्कॉटलंडच्या स्कॉट्स भाषेच्या विकिपीडियावर हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका परदेशी तरुणाने लिहिले होते. इंग्रजी वाक्यात इकडेतिकडे स्कॉट्स शब्द पेरून. २०२० मध्ये हे उघडकीला आले तोवर वर्षे गेली होती आणि त्या भाषेबद्दल जगभर चुकीचे चित्र उभे राहिले होते. ग्रीनलँडची भाषा बोलणारे जेमतेम पन्नास-साठ हजार. त्यांच्या विकिपीडियात ती भाषा न येणाऱ्यांनी यंत्राने केलेली भाषांतरे इतकी भरली, की २०२५ मध्ये तो बंदच करण्याचा निर्णय झाला. मराठीची अवस्था तशी नाही. २०११ च्या जनगणनेत ८ कोटींहून अधिक लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आपण पेढे वाटले. मात्र मराठी विकिपीडियावर नियमित संपादन करणारी माणसे आजही फार थोडी आहेत. आठ कोटींची भाषा इतक्या थोड्या हातांवर सोडून द्यायची, हे मला मान्य नाही, आणि तुम्हालाही नसावे.

काम कसे करायचे ते सांगतो. मराठी विकिपीडिया उघडा आणि सदस्य खाते तयार करा. पैसे लागत नाहीत, टोपणनाव चालते. हात बसेपर्यंत ‘धूळपाटी’वर सराव करा, तिथे काहीही बिघडत नाही. मग लेख उघडून ‘संपादन’ दाबा. फोनवर पेन्सिलीचे चिन्ह दिसेल. सुरुवात नेहमी पहिल्या परिच्छेदापासून करा, कारण बहुतेक लोक तेवढाच वाचतात आणि शोधयंत्रेही तोच उचलतात. परिच्छेद मोठ्याने वाचा. जिथे दम लागतो तिथे पूर्णविराम द्या. कोणी केले, काय केले, केव्हा केले, हे क्रमाने येते का ते बघा. एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एक काढा. जतन करण्याआधी बदलांचा आढावा लिहायला छोटी चौकट असते. तिथे ‘वाक्य लहान केले, माहिती तीच’ असे एका ओळीत लिहा, म्हणजे मागून तपासणाऱ्याला तुमचा हेतू कळतो. एका वेळी थोडे बदला. काही चुकले तर घाबरू नका. ‘इतिहास’मध्ये प्रत्येक जुनी आवृत्ती असते आणि ती परत आणता येते.

तुमचा बदल कोणी उलटवला तर तो तुमचा अपमान नाही. चर्चा पानावर जा, कारण विचारा, आपले सांगा. मोठा प्रश्न असेल तर ‘चावडी’ या सामूहिक चर्चेच्या पानावर मांडा. जात, पक्ष, पंथ यांवरच्या लेखांत लोकांची मने लवकर पेटतात. पहिले काही महिने तिकडे जाऊ नका. स्वतःवरच्या, आपल्या कुटुंबावरच्या, आपल्या संस्थेवरच्या लेखाला हात लावू नका. पुस्तकातला किंवा वर्तमानपत्रातला मजकूर उचलून चिकटवू नका, तो दुसऱ्याच्या हक्काचा आहे. आणि चॅटबॉटला ‘हा परिच्छेद सोपा करून दे’ सांगून आलेले उत्तर तर अजिबात चिकटवू नका. वाक्य गुळगुळीत करताना तो मूळ लेखात नसलेली माहिती बेमालूम मिसळतो, आणि ती पकडायला पुन्हा माणूसच लागतो. हे काम आपल्याच हाताने, आपल्याच कानाने करायचे आहे.

निवृत्त शिक्षकांनो, आयुष्यभर तुम्ही मुलांच्या निबंधांवर लाल शाईने खुणा केल्या; तीच नजर इथे हवी आहे. मुद्रितशोधकांनो, उपसंपादकांनो, अनुवादकांनो, तुम्ही रोज जे पोटासाठी करता त्यातली आठवड्याला एका तासाची मजुरी या कोशाला द्या. बेळगाव, इंदूर, बडोदा, गोवा इथल्या मराठी वाचकांनो, तुमच्या शहरांवरचे लेख पुण्या-मुंबईत बसून नीट होणार नाहीत. परदेशातल्या मराठी मंडळांना दिवाळी आणि गणेशोत्सवाच्या जोडीने हा उपक्रम सहज घेता येईल. तुमच्यात शास्त्रज्ञ आहेत, अभियंते आहेत, आणि शास्त्राचे लेखच सर्वांत वाईट अवस्थेत आहेत. गावोगावच्या ग्रंथपालांनी महिन्यातून एक संध्याकाळ ठेवावी: एक संगणक, तीन-चार माणसे, टेबलावर विश्वकोशाचा खंड, आणि एकच लेख. महाविद्यालयांतल्या मराठी विभागांनी विद्यार्थ्यांना ‘नवा लेख लिहा’ हा गृहपाठ द्यायचे थांबवून ‘एक जुना लेख सुधारा आणि काय बदलले ते वर्गात सांगा’ हा द्यावा. त्यातून विद्यार्थी मराठी वाक्य शिकतील आणि लेखही सुधारेल.

येत्या रविवारी आपल्या तालुक्याचा लेख उघडा आणि त्याचा पहिला परिच्छेद दुरुस्त करा. तो झाला की घरातल्या आणखी एका माणसाला खाते उघडून द्या.